तेलाचा डाग

आमच्या अंगणात, तुळशीवृंदावनापासून चार हातांवर, शहाबादी फरशीच्या दोन लाद्या अशा आहेत की त्यांच्यावर रांगोळी टिकत नाही. सकाळी ओढलेली पांढरी रेघ दुपारपर्यंत पिवळट पडते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात काळसर ओल उतरते. आईने त्या लाद्यांवर सोडा घातला, चुलीतली राख घातली, रॉकेल ओतून घासलं, एकदा तर नारळाच्या शेंडीने तासभर घासून पाठ धरून बसली. डाग परातीएवढा होता, तो परातीएवढाच राहिला. लग्न होऊन आल्यावर माझ्या पत्नीनेही दोन-तीन दिवाळ्या हा उद्योग करून पाहिला आणि मग शहाणपणाने रांगोळीची जागाच बदलली.

हा डाग आप्पांच्या गाडीचा.

आप्पा टॅक्सी चालवत. १९७२ सालची मार्क टू ॲम्बॅसिडर त्यांनी १९७९ साली जुनी म्हणून घेतली. बेळगाव ते सावंतवाडी ही त्यांची नेहमीची वाट. हिंडलगा, शिनोळी, मग चंदगडच्या बाजूने आंबोली आणि घाट उतरून दाणोली. वाटेत एक राज्य संपून दुसरं सुरू होई, पण ते गाडीला कधी कळलं नाही. गाडी दोन्हीकडे सारखीच चाले आणि दोन्हीकडे सारखीच गळे.

ज्यांनी बॉनेट उघडून कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याची एक लांबट पेटी उपडी घातलेली असते. पुस्तकात तिला रॉकर कव्हर किंवा व्हॉल्व्ह कव्हर म्हणतात, आमच्याकडचे सगळे मिस्त्री टॅपेट कव्हर म्हणतात. तिच्याखाली आठ रॉकर आपापल्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर टकटक करत असतात आणि त्यांना सतत तेलाचं स्नान घडत असतं. ते तेल बाहेर येऊ नये म्हणून पेटीची कड आणि इंजिनाचं हेड यांच्यामध्ये बुचाच्या लाकडाची, म्हणजे कॉर्कची, एक चौकट बसवलेली असते. हे गॅस्केट, बोलण्यात पॅकिंग. ॲम्बॅसिडरच्या १४८९ सी.सी.च्या त्या जुन्या इंजिनात ही पूर्ण पेटी फक्त दोन नटांवर उभी असते. एवढ्या लांब कडेला दोनच नट! ही गोष्ट मी पुढे जे केलं त्याच्या मुळाशी आहे, म्हणून आधीच सांगून ठेवली.

कॉर्क नवा असतो तेव्हा लवचिक असतो. उष्णता सोसून सोसून तो बिस्किटासारखा कडक होतो, आकसतो, आणि मग तेल त्याच्या बाजूने वाट काढतं. आप्पांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. रोज पहाटे ते दांडी ओढून तेल बघत आणि कमी असेल तेवढं घालत. "ती वाटीभर पिते. आपण नाही का सकाळी चहा पीत?" असं म्हणत. पॅकिंगला पैसे फार लागत नव्हते. पण त्यासाठी गाडी दिवसभर मिस्त्रीकडे उभी राहायची, आणि उभी राहिलेली टॅक्सी घरात काही आणत नाही. दसऱ्याला बघू, असं ते दर पावसाळ्यात म्हणायचे.

१९९१ च्या जूनमध्ये मी धारवाडला एम. ए. चं पहिलं वर्ष संपवून घरी आलो होतो. आमचे एक प्राध्यापक आणि तीन वर्गमित्र रविवारी आमच्याकडे जेवून पुढे आंबोलीचा पाऊस बघायला जाणार होते. आता लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला त्या डागाची लाज वाटली. वाङ्मयावर बोलणारे सर त्या अंगणातून चालत येणार, आणि त्यांच्या पांढऱ्या धोतराला तेल लागणार, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. खरं तर धोतराचं निमित्त होतं. माझे वडील टॅक्सी चालवतात हे मी वर्गात कुणाला सांगितलेलं नव्हतं.

शनिवारी आप्पा एका लग्नासाठी एस.टी.ने खानापूरला गेले होते. मी त्यांच्या पेटीतून पाना काढला, बॉनेट उघडलं आणि ते दोन नट आवळले. पाना नटाला नीट बसत नव्हता, दोनदा सटकला. मी त्याच्या दांड्याला लोखंडी नळी लावली आणि अंगात होती तेवढी ताकद लावली. गळतं म्हणजे सैल आहे, आवळलं की थांबेल. याहून सरळ तर्क कोणता? बाजूने कॉर्कची काळी कड फुगून बाहेर आली ती मला दिसली, आणि ती बघून मला वाटलं, आता कसं घट्ट बसलं. रविवारी लाद्या जवळजवळ कोरड्या राहिल्या. सर जेवले, आईच्या हातच्या मांड्यांचं कौतुक केलं आणि गेले. गाडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

मंगळवारी आप्पांना भाडं मिळालं. बेळगावच्या एका इस्पितळातून पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका वृद्ध गृहस्थांना सावंतवाडीला घरी पोचवायचं होतं. बरोबर त्यांची बायको आणि मुलगा. पाऊस, धुकं, संध्याकाळची वेळ. आंबोली ओलांडून घाट उतरायला लागल्यावर गाडीत जळक्या तेलाचा वास भरला आणि बॉनेटच्या फटीतून निळसर धूर येऊ लागला.

काय झालं असेल ते आज मला डोळ्यांपुढे दिसतं. मधल्या दोन नटांवर भलता जोर पडल्याने पत्रा मध्ये दबला आणि कडा नटांपासून लांबच्या ठिकाणी उचलल्या गेल्या. कडक झालेला कॉर्क चिरडून फुटला. घरापासून घाटापर्यंत इंजिन तापलं, तेल पातळ झालं आणि फुटलेल्या जागेतून वाहू लागलं. या इंजिनाचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड डाव्या अंगाला, कव्हरच्या बरोबर खाली असतं. तेल पडलं ते त्या तापलेल्या लोखंडावर.

आप्पांनी गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद केलं. आग लागू नये म्हणून तिघांनाही खाली उतरवलं. ते वृद्ध गृहस्थ, पोटाला टाके, छत्रीखाली रस्त्याच्या कडेच्या दगडी कठड्यावर अर्धा-पाऊण तास बसून होते. मग वरून एस.टी. आली. आप्पांनी आणि मुलाने त्यांना हातांची खुर्ची करून चढवलं. आप्पांनी घेतलेलं भाडं परत केलं, वर एस.टी.च्या तिकिटाचे पैसे दिले. ते घराणं आमचं जुनं गिऱ्हाईक होतं. पुन्हा त्यांचा निरोप कधी आला नाही.

आप्पा रात्रभर घाटात गाडीत बसून राहिले. सकाळी डिकीतला एक लिटरचा डबा ओतला आणि दर चार मैलांवर थांबत, पुसत, दांडी बघत दुपारी घरी आले. जेवले नाहीत. हातात ते नट घेऊन ओसरीवर बसले होते. नटांचे कोपरे झिजून गोल झाले होते, नव्या घावाचं लोखंड चकाकत होतं. त्यांनी ते नट बोटांत फिरवले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रविवारी मिस्त्रीकडे जा. पॅकिंग कसं बसवतात ते बघून ये."

एवढंच. मी "बरं" म्हटलं. त्यानंतर वीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो, पण त्या नटांचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही.

मिस्त्री गोकाककडचे. घरी कन्नड, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि इंजिनाशी दोन्ही. १९८६ च्या आंदोलनाच्या दिवसांत गावात दुकानांवरच्या पाट्यांवरून डोकी फुटत होती तेव्हाही या गॅरेजमध्ये आप्पा मराठीत विचारत आणि मिस्त्री कन्नडमध्ये उत्तर देत. मला शाळेत कन्नड आलं ते परीक्षेपुरतं. बोलायला मी शिकलो ते त्या रविवारांत, कारण एक रविवार पुरला नाही, मी दोन महिने जात राहिलो.

पहिल्या दिवशी त्यांनी मला कव्हर खोलूच दिलं नाही. रॉकेल आणि ब्रश हातात देऊन इंजिन बाहेरून धुवायला लावलं. तेल जिथे ठिपकतं तिथून ते गळत नसतं, हा पहिला धडा. ते वरून निघतं, कडेकडेने येतं आणि सगळ्यात खालच्या बोल्टवरून टपकतं; दोष मात्र त्या बोल्टवर येतो. धुऊन कोरडं केल्यावर मिस्त्री कडेवर पांढरी पावडर भुरभुरवत आणि इंजिन चालू ठेवत. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होते तिथे चोर. (पुढे मी वर्गात गोंगाटाबद्दल शेवटच्या बाकाला उभं करण्याआधी पहिल्या बाकाकडे एकदा बघू लागलो, त्याचं श्रेय मिस्त्रींना.)

दुसरी गोष्ट श्वासाची. पिस्टनच्या बाजूने थोडा वायू खाली गळतोच. तो बाहेर जायला नळी असते. ती काजळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि कितीही चांगलं पॅकिंग घाला, तो दाब तेलाला बाहेर ढकलतो. पॅकिंग बदलून महिन्यात पुन्हा गळणाऱ्या कितीतरी गाड्या मिस्त्रींनी नुसती नळी साफ करून बऱ्या केल्या होत्या. तेल भरायच्या झाकणाची रबरी चकती आणि त्या दोन नटांखालची रबरी बुचं हेही ते आधी बघत. बुचं कडक झाली तर तेल नटाच्या भोवतीच वर येतं आणि लोक उगाच कडेला शिव्या देतात.

मग कव्हर निघालं. मिस्त्रींनी ते एका सपाट लोखंडी पाटावर उपडं ठेवलं. चारी कोपरे टेकत नव्हते. एका अंगाला खालून माझी करंगळी जात होती. त्यांनी ती करंगळी पाहिली आणि मग मला पाहिलं. लाकडी ठोकळ्यावर कड ठेवून लहान हातोडीने, भाकरी थापावी तशा हलक्या हाताने, ती कड त्यांनी तासाभरात सरळ केली. कडेवर बारीक बारीक खुणा उमटल्या. हेडवरचं जुनं कॉर्क खरवडताना आतल्या भोकांवर फडकं झाकायचं, नाहीतर चुरा तेलाच्या वाटेत जातो. नव्या पॅकिंगला चिकटवायचं औषध फक्त कव्हरच्या बाजूला. हेडची बाजू कोरडी, म्हणजे पुढच्या वेळी कव्हर निघताना पॅकिंग फाटत नाही.

शेवटी नट. मी पाना धरला आणि सवयीने खांदा लावला. मिस्त्री ओरडले, "भाळ बिगि माडब्याड्री, मास्तर!" फार घट्ट करू नका. त्यांनी माझ्या हातातून पाना घेतला, दांडा सोडून डोक्याजवळ दोन बोटांत धरला, आधी एक नट थोडा, मग दुसरा थोडा, पुन्हा पहिला. कॉर्क किंचित दबला. "साक्री," म्हणाले. पुरे. माप सांगायचं तर या नटांना सुमारे चार फूट-पौंड पुरतात, म्हणजे बरणीचं झाकण लावायला जेवढा जोर लागतो त्याच्या फार पुढे नाही. मी नळी लावून किती लावले असतील, याचा हिशेब मी अजून केलेला नाही.

कव्हर उघडं होतं म्हणून टॅपेटही लावले. यातली एक गंमत गणिताच्या शिक्षकांसाठी. आठ व्हॉल्व्ह, एका ओळीत. हँडल मारून इंजिन फिरवायचं. जो व्हॉल्व्ह पूर्ण दबलेला दिसेल त्याचा क्रमांक नवातून वजा करायचा आणि जो उरेल त्या क्रमांकाच्या टॅपेटची फट फिलरने मोजायची. आठवा दबला की पहिला, सहावा दबला की तिसरा. फट पंधरा थाऊ, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. मिस्त्री कधी शाळेत गेले नव्हते. त्यांना नवाची बेरीज पाठ होती, कारण त्यांच्या उस्तादाला ती पाठ होती.

आप्पांनी २००३ साली टॅक्सी थांबवली. मिस्त्री २००६ साली गेले, आप्पा २०११ साली. गाडी शेडमध्ये राहिली. मी रविवारी ती सुरू करायचो, अंगणात पुढेमागे करायचो आणि झाकून ठेवायचो. २०१४ साली उत्तरपाड्याच्या कारखान्यात या गाडीचं उत्पादन बंद झाल्याची बातमी आली तेव्हा चार शेजारी मुद्दाम येऊन तिला बघून गेले. पॅकिंग पुन्हा कधी कडक झालं मला कळलं नाही. लाद्यांवर जुना डाग होताच. त्यावर नवा थेंब पडलेला कुणाला दिसणार?

यंदा श्रावणात कोल्हापूरचे एक तरुण गृहस्थ आले. जुन्या गाड्या नीट करून बाळगायचा त्यांना छंद. आम्ही बोललो, ठरलं. मी त्यांच्याकडे पंधरा दिवस मागून घेतले. गळती गाडी द्यायची नव्हती.

मिस्त्रींच्या मुलाकडे गेलो. त्याच्या गॅरेजात आता संगणक लावून तपासायच्या गाड्या उभ्या असतात. त्यांची कव्हरं प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची, पॅकिंग साच्यातून काढलेलं रबराचं, आणि बोल्ट दोन नाहीत, आठ-दहा. ते मधून कडेकडे ठरल्या क्रमाने मापाच्या पान्याने आवळायचे. काही गाड्यांत प्लग कव्हरच्या मधोमध विहिरीत बसवलेले असतात. तिथलं रबर गेलं की तेल बाहेर न येता विहिरीत साठतं आणि गाडी झटके खाऊ लागते. अंगणात डाग नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो. "पण सर, त्यातबी माणसं आवळूनच मोडत्यात बघा," तो म्हणाला. "ह्याचं काम मात्र तुम्हीच करा. आमच्या बाबांनी शिकवलेलं तुम्हाला, मला न्हाई." खरं होतं. तेव्हा तो चार वर्षांचा होता.

कॉर्कचं पॅकिंग बाजारात एका जुन्या दुकानी फळीवर मिळालं, किती वर्षं पडलं होतं देव जाणे. घरी आणून लावून पाहिलं तर बोटभर आखूड. मिस्त्री अशा वेळी ते पाण्यात भिजत घालत; मीही घातलं. कॉर्क ही शेवटी झाडाची साल. ती पोर्तुगालमध्ये ओकच्या एका जातीपासून काढतात आणि पुन्हा काढायला नऊ वर्षं थांबावं लागतं. इथेही नऊच. सकाळपर्यंत पॅकिंग फुगून मापाला आलं.

गळती शोधायला पावडर म्हणून शाळेतून खडूची पूड आणली. इंजिन धुतलं, पूड भुरभुरवली, वाट पाहिली. पूड ओली झाली ती मागच्या डाव्या कोपऱ्यावर. श्वासाची नळी निम्मी तुंबलेली निघाली. कव्हर काढून स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या ग्रॅनाइटवर उपडं ठेवलं. चारी कोपरे टेकले. चौतीस वर्षांनी. कडेवरच्या त्या बारीक खुणांवरून मी अंगठा फिरवत होतो तेवढ्यात आई आत आली. ती आता ब्याऐंशी वर्षांची आहे. ओट्यावर तेलकट लोखंड बघून ती रागावेल असं वाटलं होतं.

मी तिला सांगितलं. नट, नळी, प्राध्यापक, सगळं. तिने ऐकून घेतलं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "ते घाटातून आले त्याच रात्री बोलले मला. म्हणाले, पोराला माझी गाडी दिसू नये असं वाटलं असेल, मोठी माणसं येणार होती. त्याला काही बोलू नकोस."

मग ती म्हणाली की ओटा आधी साबणाने आणि मग चिंचेने घास.

कव्हर बसवलं. पाना डोक्याजवळ दोन बोटांत धरून एक नट थोडा, दुसरा थोडा. इंजिन तापवलं, थंड होऊ दिलं, कॉर्क बसल्यामुळे आलेली ढील अर्ध्या पावाने काढली आणि पाना पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावलं, कारण पुन्हा एकदा बघावंसं वाटतंच. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी त्यावर एकच थेंब होता, तोही मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला. त्या काळच्या या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सील नाही, तेल परत फिरवणारी नुसती आट्यांची खाच आहे. तिथून एखादा थेंब येणारच. टॅपेट कव्हर कोरडं होतं.

नवरात्रात गाडी गेली. कोल्हापूरच्या गृहस्थांनी बॉनेट उघडून समाधानाने मान हलवली. फक्त कव्हरच्या कडेवर बोट ठेवून म्हणाले, "सर, हे ठोकलेलं आहे. मी नवीन चकचकीत मिळवून बसवीन." मी म्हटलं, बसवा, जुनं मात्र मला एस.टी.च्या पार्सलने पाठवून द्या. त्यांनी वहीत पत्ता लिहून घेतला.

पार्सल अजून आलेलं नाही. परवा वसुबारसेला पत्नीने त्या दोन लाद्यांवर रांगोळी घालायला घेतली होती. मी म्हटलं, थांब, एवढ्यात टिकायची नाही.